उतरणार कुठे?



वारीला निघणाऱ्या माणसाला घरची म्हातारी मंडळी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, "पंढरीत उतरणार कुठे?" दर्शन होईल का, पाऊस किती लागेल, पाय सुजले तर काय, हे सगळे नंतर. आधी उतारा ठरला पाहिजे. ज्याचा फड आहे, दिंडी आहे, त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. मठातला आपला कोपरा, पडशी टांगायची आपली खुंटी. माझ्या आजोबांची खुंटी वडिलांची झाली आणि वडिलांची माझी. चाळीस वर्षांवर कीर्तनसेवा केली, पण उतरायचे कुठे हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नाही. तो ज्याला पडतो त्याच्याविषयी दोन शब्द लिहायला म्हणूनच सत्तरी ओलांडावी लागली.

पंढरपुरात उताऱ्याची जुनी सोय तीन प्रकारची. फडकऱ्यांचे मठ, होळकर-शिंद्यांसारख्या सरदारांचे वाडे, आणि बडवे-उत्पातांपासून साध्या गावकऱ्यांपर्यंत सर्वांची घरे. या तिन्हींत ज्याची ओळख नाही त्याला चौथी जागा चंद्रभागेच्या वाळवंटाची. कार्तिकीला ती चालून जाते. थंडी असते, पण वाळू कोरडी असते, शेकोटी पेटवून, घोंगडे पांघरून रात्र काढता येते. आषाढीची गोष्ट वेगळी. वरून पाऊस आणि खालून नदी. रात्री भजन करून वाळवंटात अंग टाकलेला माणूस पहाटे उठून पाहतो तो पाणी पायाशी आलेले. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, मठाच्या गच्चीवरून.

१९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरापर्यंत आली आणि गर्दीचे मान बदलले. पायी येणारा वारकरी दिंडीतून येतो, त्याच्या मागे विणेकरी, चोपदार, स्वयंपाकाची गाडी अशी सगळी व्यवस्था असते. आगगाडीतून उतरणारा माणूस हातात एक गाठोडे घेऊन उतरतो. त्याला मठ नाही, फड नाही. भक्ती तीच, पण पाठीशी कोणी नाही. अशी माणसे हजारांनी येऊ लागली, आणि गावात छपरे होती तेवढीच राहिली.

या गर्दीत पटकी यायची. आमच्या आजीच्या तोंडी तिचे नाव महामारी. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी १८८४ साली कलकत्त्यात तलावाच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला, तेव्हा रोग पिण्याच्या पाण्यातून जातो याला पुष्टी मिळाली. आमच्याकडे मात्र तीच नदी स्नानाची, तीच पिण्याची, आणि तिच्याच काठी उघड्यावर बसायचे. पावसात भिजून, उपवासाने थकून, चिखलात निजलेल्या माणसाला रोग पहिला गाठतो. एकादशीला आलेला माणूस द्वादशीला गार पडे, आणि पौर्णिमेच्या आत त्याच्याबरोबरचे रोग घेऊन आपापल्या गावी पोचत. माझ्या लहानपणी वारकऱ्यांना पटकीची सुई टोचणारी सरकारी पथके वाटेवर बसत. दंड सुजे, ताप येई, लोक शिव्याही देत. आज वाटते, त्या सुईने आमच्या पिढीतली कितीतरी माणसे घरी परत नेली. सरकारने सुई दिली, तपासणी केली, गर्दी लवकर पांगवण्याचे हुकूम काढले. पण माणसाला रात्री कोरडी जागा मिळाली तर तो आजारी कमी पडेल, हा विचार हुकुमात बसत नव्हता.

आता ज्याला वाळवंटसुद्धा मोकळेपणाने मिळत नव्हते त्याच्याकडे येऊ. चोखोबारायांचे नाव आपण रोज घेतो. ते आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याचे. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर असताना ती भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. त्यांच्या जातीच्या वारकऱ्याने पुढची सहाशे वर्षे त्या समाधीपाशीच थांबायचे, आत जायचे नाही, ही आपली रीत. देवळाची गोष्ट पुष्कळांनी लिहिली आहे. त्या वारकऱ्याच्या उताऱ्याची फारशी कोणी लिहिली नाही. मठ बंद, वाडा बंद, विहीर बंद. गावाबाहेर, पावसात, लेकराबाळांसकट. आम्ही कीर्तनात चोखोबांच्या भावाचे निरूपण करीत होतो, श्रोते डोळे पुसत होते, आणि त्याच वेळी चोखोबांची माणसे बाहेर भिजत होती. हे माझ्या गुरुजींच्याही काळात होते. ते थोर अधिकारी पुरुष होते, पण या विषयावर ते बोलल्याचे मला आठवत नाही.

पंढरीत ज्यांना दार बंद होते अशा आणखी एका वर्गाचे नाव घेतले पाहिजे, त्या म्हणजे विधवा. पाऊल चुकलेली किंवा घरच्याच कोणी फसवलेली बाई पोटुशी राहिली की तिला "यात्रेला नेतो" म्हणून पंढरीला आणून सोडायचे, हा उद्योग अनेक घरांनी केला. जन्मलेल्या मुलाचे काय होई ते सांगत नाही. पुण्याला जोतीराव फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तसेच अनाथ बालकाश्रमाचे काम सुरू केले. लालशंकर उमियाशंकर हे तेव्हा इथे न्यायाधीश होते, गुजराती गृहस्थ. त्यांनी पुढाकार घेतला. लगेच १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला आणि आश्रमाची गरज सगळ्या जिल्ह्याला कळली. वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने तो आश्रम पुढे ओळखला गेला. प्रार्थना समाजाची मंडळी मूर्तिपूजा मानीत नसत, म्हणून आपली जुनी माणसे त्यांच्याशी फटकून वागत. पण विठोबाच्या गावात टाकून दिलेली लेकरे त्यांनी उचलली, आणि आपण आपल्या मठांत बसून होतो. हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

गाडगेबाबांची गोष्ट या पार्श्वभूमीवर पाहावी. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जातीने परीट, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात फुटके गाडगे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच. शिक्षण नाही, अक्षरओळख नाही. गावात शिरले की आधी झाडू हातात. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे.

इथे एक आडवळण घेतो. आम्ही परंपरेने शिकलेले कीर्तनकार बाबांच्या कीर्तनाला कीर्तन म्हणायला पटकन तयार नसायचो. अभंग घ्यावा, पदाचे निरूपण करावे, प्रमाणे द्यावीत, दृष्टांत सांगावा, ही आमची शिस्त. बाबा यांतले काही करीत नसत. गोपालाचा गजर करायचे आणि समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे. लोक उत्तर द्यायचे, बाबा त्यावर दुसरा प्रश्न टाकायचे. कर्ज काढून सण का करता, देवापुढे बकरे का कापता, पोराला शाळेत का घालीत नाही. माझे वडील सोलापुरात गिरणीत कामाला होते. त्यांनी बाबांना पंढरीत ऐकले होते. ते सांगत, "बुवांच्या कीर्तनातून उठताना पुण्य लागल्यासारखे वाटते, गाडगेबाबांच्या कीर्तनातून उठताना चोरी पकडल्यासारखे वाटते." १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. आवाज थकलेला आहे, वऱ्हाडी बोली आहे. नव्या कीर्तनकारांनी ते एकदा तरी ऐकावे. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा साठीचा होतो, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या पाठांतराला त्या रात्री थोडी लाज वाटली.

बाबा वारीला पंढरपुरात यायचे. देवळात दर्शनाला जात नसत, वाळवंट झाडायचे, आंधळ्या-पांगळ्यांना आणि महारोग्यांना जेवू घालायचे, असे जुनी माणसे सांगत. त्यांना भिजणारा माणूस दिसला तो अशा वेळी. १९१७ साली त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू केले. स्वतःजवळ एक पैसा ठेवीत नसत. पैसा आला तो कीर्तनातून आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या दात्यांकडून. इमारत उभी राहिली की विश्वस्त नेमायचे, कारभार त्यांच्यावर सोपवायचा आणि पुढच्या गावाला निघायचे. त्यांच्या धर्मशाळांत त्यांच्या घरच्या माणसांनाही फुकटची बैठक नव्हती. त्यांच्या पत्नी कुंताबाई बाहेर झोपडीत राहत, असे सांगतात. स्वतः बाबाही आत मुक्काम टाकीत नसत. लोकांसाठी शंभर खोल्या बांधणारा माणूस रात्री कुठे तरी उघड्यावर गोधडी अंथरून पडे.

चोखामेळा धर्मशाळेमागोमाग मराठा धर्मशाळा झाली, परीट समाजासाठी झाली. नाशकात सदावर्त सुरू झाले, आळंदीला सोय झाली. आता तरुण वाचक इथे अडतो आणि विचारतो, "महाराज, जातपात मोडायला निघालेल्या संताने जातीच्या नावाने धर्मशाळा का बांधल्या?" प्रश्न रास्त आहे. मला जे समजले ते असे. त्या काळी धर्मशाळेला "सर्वांसाठी" असे नाव दिले असते तरी दारात बसणारा माणूस कुणाला आत घ्यायचे ते आपल्या मनाने ठरवणारच होता. चोखोबांचे नाव दारावर असले म्हणजे चोखोबांच्या माणसाला तिथून हाकलता येत नाही. आणि वर्गणी जमायची ती समाजासमाजातून. बाबांना माणूस पाहिजे त्या वाटेने छपराखाली आणायचा होता. वाट पुढे बदलता येते, पावसाला मात्र थांब म्हणता येत नाही. तरी हेही खरे की परीटाला परीटाचे छप्पर, मराठ्याला मराठ्याचे, ही सवय त्यातून थोडी पक्की झाली. आज पंढरपुरात जातवार मठ-धर्मशाळांची रांग आहे ती पाहिली की मला वाटते, बाबांनी नाइलाजाने घेतलेली वाट आपण हौसेने रुंद केली.

स्वतः बाबांनी मात्र वाट बदलली. १ मे ते १० मे १९४७ या दहा दिवसांत साने गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, आणि त्यानंतर विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले. दोनच वर्षांनी, १९४९ साली, बाबांनी चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला शिक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. बाबा तेव्हा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब त्यांना भेटायला दोन घोंगड्या घेऊन गेले आणि कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, अशी हकीकत सांगतात. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या छपरासाठी दारोदार वर्गणी मागितली, ते छप्पर असे सोडून देणे सोपे नसते. आपल्या मठांत एका पायरीच्या हक्कावरून कोर्टात तीन पिढ्या जातात. वारकऱ्याच्या त्या रात्रीची गरज भागवायला धर्मशाळा बांधली होती, आता त्याच्या पोराला शाळा पाहिजे होती. बाबांच्या लेखी वास्तू एवढीच होती.

यानंतरचे पाऊल मला सर्वांत मोठे वाटते, आणि आपल्या मंडळींत त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १९५४ साली बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली. जे. जे. म्हणजे सर जमशेदजी जिजीभाईंच्या नावाचे, १८४५ पासूनचे रुग्णालय. मुंबईला ना चंद्रभागा, ना महाद्वार. मग तिथे धर्मशाळा कशाला? तर खेड्यातला माणूस दुखणे घेऊन मुंबईला येतो. रोग्याला रुग्णालयात खाट मिळते. त्याच्याबरोबर आलेल्या बायकोला, म्हाताऱ्या बापाला काय मिळते? फुटपाथ. आणि रोग्याला खाट सोडायला सांगितली, पण पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला ये म्हटले, तर त्याने मधले पंधरा दिवस कुठे काढायचे? गावी जाऊन परत यायला पैसे नसतात. टाके ओले असतात. अशा माणसाला तेवढ्या दिवसांपुरते घर नसते. बाबांनी त्याला वारकऱ्याच्या पंगतीत बसवले.

फरक आहे तो असा. आपल्या पुष्कळ धर्मशाळांत तीन दिवसांची मुदत पाळीत. यात्रेकरूला ती पुरते. दशमीला आला, द्वादशी सोडली, फार तर काल्यापर्यंत थांबला. त्याची तिथी पंचांगात छापलेली असते. रोग्याची तिथी पंचांगात नसते. त्याला महिना लागेल, तीन लागतील. त्याला नुसती खोली पुरत नाही. उकळलेले पाणी पाहिजे, पथ्याचे शिजवायला चूल पाहिजे, संडास जवळ पाहिजे, आणि रात्री जास्त झाले तर कुणीतरी जागे पाहिजे. झाडू हातात घेऊन आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावे लागले नाही. स्वच्छता हेच निम्मे औषध, हे ते पटकीच्या दिवसांपासून पाहत आले होते.

बाबांच्या पश्चात त्यांच्या मिशनने, जे ८ फेब्रुवारी १९५२ रोजी स्थापन झाले, हे काम पुढे नेले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालचे. कर्करोगाचा इलाज करायला सगळ्या देशातून माणसे तिथे येतात, आणि इलाज महिनोन्‌महिने चालतो. रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर तोंडाला फडके बांधलेले, नाकात नळी घातलेले रोगी गोणपाटावर पडलेले असतात. दादरला मिशनची धर्मशाळा आहे, ती अशा रोग्यांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी. मी एकदा आमच्या गावच्या एका टाळकऱ्याला भेटायला तिथे गेलो होतो. बंगालची, बिहारची, आसामची माणसे शेजारी शेजारी स्वयंपाक करीत होती. आमचा टाळकरी म्हणाला, "महाराज, इथं सगळी भाषा वेगळी, पण रात्री कुणी कण्हलं तर सगळ्यांना कळतं." तो पुढे चार महिन्यांनी गेला. ते चार महिने तो छपराखाली होता.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी गेले, बाबासाहेबांच्या मागोमाग चौदा दिवसांनी. आजार वाढल्यामुळे मोटारीतून अमरावतीकडे नेत होते. वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, वाटेवरच, देह ठेवला.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण ती न सांगता हा लेख लिहिणे खोटे होईल. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची आषाढी. दशमीची रात्र, पाऊस लागलेला. मठातल्या उताऱ्याची व्यवस्था त्या वर्षी माझ्याकडे होती. दहा-साडेदहाला एक माणूस दारात आला. पाठीवर म्हातारी आई. तिला ताप होता, ते तिच्या डोळ्यांवरून कंदिलाच्या उजेडातही दिसत होते. मी विचारले, "कोणत्या दिंडीचे?" तो म्हणाला, "दिंडी नाही महाराज. आईला एकदा दाखवायची होती पंढरी." मी म्हणालो, "माउली, मठ भरला आहे. पुढे बघा." तो काही बोलला नाही. आईला पाठीवर जरा वर सरकवून घेतली आणि निघाला. मठ खरोखरच भरला होता, मी खोटे बोललो नव्हतो. पण ओसरीवर आम्ही पखवाजांच्या पेट्यांना जागा दिली होती. पखवाज भिजू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी माझे कीर्तन होते. मी अभंग कोणता घेतला होता ते आठवत नाही. ती म्हातारी आठवते.

"कोणत्या दिंडीचे?" हा प्रश्न वाईट नाही. शिस्तीला तो लागतो. नाही तर साठ माणसांच्या जागेत दोनशे झोपतील आणि पटकीचे दिवस परत येतील. पण ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याच्यासाठी पुढे काय, हे ठरवून ठेवायला पाहिजे होते. आम्ही ते ठरवले नव्हते. अलीकडे सरकारने चंद्रभागेच्या पलीकडे पासष्ट एकरांत दिंड्यांसाठी तळ केला, पाणी, दिवे, संडास केले, २०२३ पासून आरोग्याची मोठी शिबिरे वारीत लागू लागली. वाटेवर डॉक्टर, पायाला मलम, रक्तदाब बघणारी मुले-मुली. हे पाहून समाधान होते. पण ही सोय वारीची आहे. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की तंबू निघतात, आणि जे जायचे नाहीत, ज्यांना घरच्यांनी मुद्दाम मागे सोडलेले असते, ते म्हातारे घाटाच्या पायऱ्यांवर तसेच बसून राहतात. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. कपाळाला बुक्का असतो. पाहणाऱ्याला वाटते वारकरी आहे, जाईल उद्या.

२०२० साली पादुका एस. टी. ने पंढरीला गेल्या. आपण घरी बसून रडलो. पण त्या उन्हाळ्यात आपल्याच सोलापूर-हैदराबाद रस्त्याने डोक्यावर बोचकी घेऊन माणसे चालली होती, काम सुटलेली, खोली सोडायला लावलेली. पायांना तेच फोड. वाटेत मुक्कामाला ना गाव, ना मठ. काही गावांतल्या शाळा उघडल्या, काही देवळांनी अन्न दिले. काहींनी वेशीवर बाभळीचे फास टाकले.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले की शहरात दर लाख वस्तीमागे शंभर माणसांचा निवारा हवा, तोही बारा महिने आणि चोवीस तास. पुढे केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याचे कलम आले. सोलापूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख. हिशेब ज्याचा त्याने करावा. मी रात्री स्टेशनाकडून येतो तेव्हा मोजतो, आणि मोजणे मध्येच सोडून देतो.

सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी अशा चारी बाजूंनी रोगी येतात. गेल्या पावसाळ्यात तिथल्या आवारात इंडी तालुक्यातली एक बाई भेटली. कानडी बोलते, मराठी मोडकी. गळ्यात माळ. नवऱ्याच्या मूत्रपिंडाचा इलाज, आठवड्याला दोनदा यंत्रावर घ्यावे लागते. मधले दिवस ती दोघे आवारातल्या झाडाखाली. मी सवयीने विचारले, "कोणत्या दिंडीच्या?" तिने गावाचे नाव सांगितले, फड सांगितला, महाराजांचे नाव सांगितले. मी त्या महाराजांच्या शेजारी बसून पंगतीत जेवलेलो आहे.

आम्ही ज्या मठात संध्याकाळचा हरिपाठ म्हणतो तिथे मागच्या बाजूला एक लांब पडवी आहे. वर्षातून दहा-बारा दिवस लग्नाला देतात, बाकी वेळ जाजमे आणि मंडपाचे बांबू. समितीत विषय काढला. एकाने विचारले, आजारी माणसे आणली तर रोग पसरणार नाही का? दुसरा म्हणाला, एकदा राहिले की उठणार नाहीत. तिसऱ्याला कागदपत्रांची काळजी. मी कुणाला दोष देत नाही, तीस वर्षांपूर्वी मीही हेच बोललो असतो. तीन बैठका झाल्या. शेवटी ठरले ते इतकेच. रात्री आठ ते सकाळी सहा, रुग्णालयाचा कागद दाखवणाऱ्या बाहेरगावच्या रोग्याला आणि बरोबरच्या एकाला जागा. उकळलेले पाणी मठाचे. झाडलोट सकाळी आम्ही करायची, त्यांनी नव्हे, हा माझा हट्ट होता आणि तो मान्य झाला. साथीचा रोग असेल तर रुग्णालयानेच सोय करायची. लग्नाच्या दिवशी पडवी द्यायची की नाही यावर अजून वाद आहे.

इंडीची ती दोघे पहिल्या रात्री आली तेव्हा तिने मला विचारले, किती दिवस राहता येईल? मी सवयीने तीन म्हणणार होतो.

सध्या बारा माणसे झोपतात. घोंगड्या चौदा आहेत, थंडीत वीस लागतील. कार्तिकीच्या आत ज्यांना पाठवायच्या असतील त्यांनी हरिपाठाच्या वेळी मठात आणून द्याव्यात. नव्याच असाव्यात असे नाही, धुतलेल्या असाव्यात.